'अनदर वर्ल्ड' : शब्दाविना उभे राहिलेले परके जग

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कथा, कादंबरी, नाटक व चित्रपट यांचा विचार विस्ताराने केला. व्हिडिओ गेम मात्र बहुतांशी करमणुकीच्या सदरातच राहिला. न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या कायम संग्रहासाठी पहिले १४ व्हिडिओ गेम निवडले. त्यांत 'अनदर वर्ल्ड' या १९९१ सालच्या फ्रेंच विज्ञानकाल्पनिक खेळाचा समावेश होता. प्रस्तुत लेखात या खेळाच्या आकृतिबंधाचा आणि त्यातून व्यक्त होणाऱ्या जीवनदृष्टीचा विचार करावयाचा आहे. डहाणू तालुक्यातील वाणगावच्या परिसरातून या कृतीकडे पाहिले असता दोन संदर्भ जवळ येतात : एक वारली चित्रांचा आणि दुसरा तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचा. पहिल्यामुळे या खेळाचे सामर्थ्य कळते, तर दुसऱ्यामुळे त्याची मर्यादा.

निर्मिती व कथानक

एरिक शाही या फ्रेंच कलावंताने सुमारे दोन वर्षे जवळजवळ एकट्याने हा खेळ घडविला. आज्ञावली, चित्रे व कथारचना त्याचीच. संगीत ज्याँ-फ्रान्स्वा फ्रेतास यांचे. डेल्फीन सॉफ्टवेअर या संस्थेने तो प्रथम अमिगा व अटारी एसटी या संगणकांसाठी प्रसिद्ध केला. संपूर्ण कथानक आधी निश्चित न करता शाही एकेक प्रसंग रचत पुढे गेला. पुढे काय होईल याची निर्मात्यालाही नसलेली खात्री खेळाच्या अंगी मुरली आहे.

लेस्टर नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ वादळी रात्री भूमिगत प्रयोगशाळेत येतो व कणत्वरक यंत्रावर प्रयोग सुरू करतो. वीज कोसळते आणि तो एका अज्ञात जगातील जलाशयात फेकला जातो. खेळाडू हे दृश्य पाहत स्वस्थ बसला, तर तळातून वर येणाऱ्या भुजा लेस्टरला ओढून नेतात. 'आता तुझी पाळी आहे' असे कोणी सांगत नाही. पडद्यावर गुण, उरलेले आयुष्य वा सूचना यांपैकी काहीही दिसत नाही. पुढे लेस्टर कैद होतो; पिंजऱ्यातील दुसऱ्या कैद्यासह तो पिंजरा झुलवून पाडतो आणि दोघे पळ काढतात.

चूक हीच शिकवण

या खेळात कृती व कोडे वेगळे काढता येत नाहीत. हाती आलेले एकच शस्त्र तीन प्रकारे चालते : कळ क्षणभर दाबल्यास मारा होतो, थोडी धरून ठेवल्यास संरक्षक पडदा उभा राहतो आणि अधिक वेळ धरल्यास तो पडदा वा भिंत फोडणारा स्फोट होतो. केव्हा काय करावे हे खेळाडूला बहुधा मरूनच कळते. अनेक ठिकाणी मृत्यू अकस्मात व अन्यायकारक वाटतो. पूर्वकल्पना नसताना तो टाळणे अशक्यच असते. हा दोष नाकारता येणार नाही. तथापि या दोषातूनच कृतीचा आशय स्पष्ट होतो. लेस्टरचे विज्ञान येथे निरुपयोगी ठरले आहे. ज्ञानी मनुष्य पुन्हा अजाण झाला असून त्याला अनुभवाने एकेक पाऊल शिकावे लागते. हे अज्ञान कथेत वर्णन करून सांगावे लागले असते. येथे ते खेळाडूच्या वाट्यालाच येते.

मराठी विज्ञानकथेशी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ मधील स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या कथेला पारितोषिक मिळवून जयंत नारळीकर या क्षेत्रात आले आणि 'यक्षांची देणगी' या संग्रहाने त्यांची वाट दृढ केली. ती परंपरा विज्ञान समजावून सांगण्याला महत्त्व देते. 'अनदर वर्ल्ड' काहीच समजावून सांगत नाही.

आकृतींची भाषा

सपाट रंगांच्या बहुभुज आकृती व एका वेळी सोळा रंग एवढ्या सामग्रीवर हे जग उभे आहे. लेस्टरला चेहऱ्याचे तपशील जवळजवळ नाहीत. पण हालचाली जिवंत आहेत, कारण शाहीने स्वतःच्या हालचालींचे चित्रण करून त्यांवरून त्या रेखाटल्या. येथे वारली चित्रांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांतून मनुष्यदेह साकारणारी आणि मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटली जाणारी ही कला डहाणू परिसरातून जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोहोचली. दोहोंत कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. परंतु तपशील कमी केल्याने गती व नाते अधिक स्पष्ट होतात, हे तत्त्व दोन्हीकडे दिसते.

हे नाते खेळाचा गाभा आहे. सहकैद्याची भाषा खेळाडूला कळत नाही व तिचा अनुवादही दिला जात नाही. तो दार उघडत असताना लेस्टरने मागून येणाऱ्या पहारेकऱ्यांना थोपवायचे, एवढ्यातून विश्वास निर्माण होतो. अखेरीस जायबंदी लेस्टर जमिनीवर सरपटत असताना हाच मित्र त्याला उचलून पंखधारी प्राण्यावरून घेऊन जातो.

दृष्टीची मर्यादा

मात्र एक प्रश्न उरतो : 'परके' कोणासाठी? खेळ सर्वस्वी शास्त्रज्ञाच्या बाजूने पाहतो. त्याच्याच प्रयोगाचा अपघात त्याला तेथे आणतो. तेथील रहिवासी मात्र बहुतांशी शत्रू म्हणून समोर येतात. ज्याने जीव वाचविला त्या मित्राला नावही मिळत नाही. तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण व अक्करपट्टी या गावांना विस्थापित व्हावे लागले. या किनाऱ्यावर ग्रामस्थ दुसऱ्या जगात गेले नाहीत. दुसरे जग त्यांच्या दाराशी आले. अपघातातील शास्त्रज्ञ आणि नियोजित प्रकल्प यांची बरोबरी करता येत नाही. तरीही विज्ञानाच्या प्रवासाची कथा ज्याच्या भूमीत तो प्रवास थांबतो त्याच्या बाजूनेही सांगता येते, याची जाणीव हा परिसर करून देतो. 'अनदर वर्ल्ड'मध्ये ती बाजू केवळ त्या निनावी मित्राच्या कृतींतून डोकावते.

समारोप

'अनदर वर्ल्ड'चे सामर्थ्य त्याच्या मौनात आहे आणि मर्यादाही तेथेच आहे. या मौनाने मैत्री भाषेच्या पलीकडे नेली, परंतु यजमान समाजाचे म्हणणेही अव्यक्त राहिले. वर्गात या खेळाची चर्चा करताना 'कोडे कसे सुटले' याबरोबरच 'हीच कथा त्या मित्राने कशी सांगितली असती' हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे उचित होईल. असा प्रश्न पेलण्याची क्षमता या कृतीत आहे. म्हणून ती गंभीर समीक्षेस पात्र ठरते.