सेंट्रोमिअरची उलटी गुंडाळी: एका दाव्याचे चिकित्सक वाचन



‘सेंट्रोमिअरच्या न्यूक्लिओसोमवर डीएनए उजव्या वळणाने गुंडाळलेला असतो’ हे वाक्य तुमच्या वाचनात आले असेल. ते पाठ करण्याआधी त्यामागचे मोजमाप तपासू या.

नेहमीच्या न्यूक्लिओसोममध्ये आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती सुमारे 147 बेसजोड्यांचा डीएनए डाव्या वळणाने साधारण 1.65 वेढे घेतो. वर्तुळाकार डीएनएवर असा एक न्यूक्लिओसोम बसला, की लिंकिंग नंबरमध्ये सुमारे उणे 1 इतका फरक स्थिर होतो. यालाच ऋण सुपरकॉइल म्हणतात. सेंट्रोमिअरमध्ये मात्र एच3 या हिस्टोनची जागा सेनपी-ए हा व्हेरिएंट घेतो. यीस्टमध्ये त्याचे नाव सीएसई4.

2009 साली फुरुयामा आणि हेनिकॉफ यांनी ‘सेल’ या नियतकालिकात दोन पुरावे मांडले. फळमाशीच्या हिस्टोनांपासून परीक्षानळीत जुळवलेल्या सेंट्रोमिअर न्यूक्लिओसोमांनी धन सुपरकॉइल निर्माण केले. बेकरी यीस्टच्या लघुगुणसूत्रावरील कार्यक्षम सेंट्रोमिअरनेही तेच केले. यावरून त्यांचा निष्कर्ष असा: गुंडाळी उजवी आहे, त्यामुळे गाभा आठ हिस्टोनांचा असणे कठीण, आणि उलट्या वळणाचे न्यूक्लिओसोम एकमेकांत मिसळत नसल्यामुळे सेंट्रोमिअर आपली जागा टिकवून ठेवतो. कल्पना देखणी आहे. प्रश्न असा, की मोजमाप एवढा भार पेलते का?

घरात नवा फ्रिज आला आणि त्याच महिन्यात गीझरही सुरू झाला, तर मीटरवर वाढलेले सगळे युनिट फ्रिजच्या नावावर टाकता येतील का? लिंकिंग नंबर हा असाच मीटर आहे. तो संपूर्ण वर्तुळाची बेरीज सांगतो. कोणत्या प्रथिनाचा वाटा किती, हे सांगत नाही. बेकरी यीस्टचा सेंट्रोमिअर जेमतेम 125 बेसजोड्यांचा असतो. त्यात सीडीई-1, 2 आणि 3 असे तीन घटक असतात. तिथे सीएसई4 एकटे नसते. सीडीई-3 ला सीबीएफ3 हा प्रथिनसमूह चिकटलेला असतो.

2015 मध्ये रोका यांच्या गटाने हाच हिशोब वेगळा केला. यीस्ट सेंट्रोमिअर अधिक 0.6 इतका फरक स्थिर करतो, म्हणजे धन चिन्ह खरे ठरले. पण हा फरक सीडीई-2 आणि 3 शाबूत असण्यावर अवलंबून निघाला. त्यांच्या मते सीबीएफ3 डीएनएचा उजवा फास तयार करतो आणि सीएसई4 त्यात बसते. हिस्टोनचा गाभा स्वतः उजव्या वळणाचा असण्याची गरज उरत नाही. त्याआधी 2011 मध्ये मानवी सेनपी-ए न्यूक्लिओसोमची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली होती. तीत आठ हिस्टोन आणि डावीच गुंडाळी दिसली. फळमाशीचा पुरावा यामुळे आपोआप खोटा ठरत नाही, पण यीस्टचा पुरावा त्याला पूर्वीइतका आधार देत नाही.

‘जागा टिकवण्या’च्या मुद्द्याचे काय? बेकरी यीस्टमध्ये सेंट्रोमिअरचा पत्ता डीएनएच्या क्रमातच लिहिलेला असतो, म्हणून त्या कल्पनेची कसोटी तिथे लागत नाही. ती लागेल कॅन्डिडा अल्बिकन्ससारख्या यीस्टमध्ये. हे यीस्ट माणसांत संसर्ग घडवते. कौस्तुव सान्याल, जॉन कार्बन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवले, की त्याच्या आठही गुणसूत्रांच्या सेंट्रोमिअरचे क्रम वेगवेगळे आहेत. 2006 मध्ये दिसले, की तोच क्रम नुसता डीएनए म्हणून बाहेरून पेशीत घातला तर त्यावर सेंट्रोमिअर तयार होत नाही. पुढे बेंगळुरूच्या जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात जितेंद्र ठाकूर आणि सान्याल यांनी गुणसूत्र 7 वरील मूळ सेंट्रोमिअर काढून टाकला. तेव्हा शेजारच्या डीएनएवर नवा सेंट्रोमिअर उभा राहिला. हे काम 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे इथे पत्ता क्रमात नाही. तो क्रोमॅटिनमधून वारशाने येतो.

म्हणून बेकरी यीस्टचा अधिक 0.6 हा आकडा ‘यीस्टचा’ म्हणून कॅन्डिडाला उसना देऊ नका. परीक्षेत लिहाल तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: काय मोजले, कोणत्या जीवात मोजले आणि त्यावरून काय अनुमान काढले. धन सुपरकॉइल हे मोजमाप आहे. उजव्या वळणाचा न्यूक्लिओसोम हे अनुमान आहे.

स्वाध्याय: सीबीएफ3 नसलेल्या परीक्षानळीत बेकरी यीस्टच्या सीएसई4 न्यूक्लिओसोमने ऋण सुपरकॉइल दिले, तर वरीलपैकी कोणता निष्कर्ष बळकट होईल? कारणासह लिहा.