दोन तळ्यांमधलं मॅडिसन

शिकागोहून सुट्टीला निघालेली आपली मराठी कुटुंबं बहुधा विस्कॉन्सिन डेल्सच्या वॉटर पार्कची वाट धरतात. मॅडिसन वाटेत लागतं. तिथे पेट्रोल भरायचं, फार तर जेवायचं आणि पुढे निघायचं. माझी मुलगी तिथे शिकायला गेली आणि तिथलीच झाली, म्हणून मला या गावात तीन उन्हाळे राहता आलं. तिसऱ्या उन्हाळ्यात सहा वर्षांची नात बरोबर असायची आणि आम्ही दोघी रोज बसने कुठेतरी जायचो. या भटकंतीत माझं मत पक्कं झालं की मॅडिसन हे सावकाश वाचायचं गाव आहे. एकेक ठिकाण वरवर साधंच दिसतं. ते कुणी, कुणासाठी राखून ठेवलं हे कळलं की त्याची चव लागते.

आधी गावाची बैठक पाहू. मेंडोटा आणि मोनोना ही दोन मोठी तळी आणि त्यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी, अरुंद जागी दीड किलोमीटरही रुंद नाही. पट्टीच्या उंचवट्यावर विस्कॉन्सिन राज्याचं विधानभवन, म्हणजे कॅपिटल. तिथून पश्चिमेला निघालेला स्टेट स्ट्रीट थेट विद्यापीठाच्या बॅस्कम टेकडीपाशी जातो. राज्य 1848 सालचं, विद्यापीठही त्याच सालचं. एका टोकाला सत्ता, दुसऱ्या टोकाला विद्या, आणि मधल्या रस्त्यावर पायी चालणारी माणसं. तीन लाखांहून कमी वस्तीच्या गावाला याहून नेटकी रचना सुचली नसती.

कॅपिटलचा घुमट गावात कुठूनही दिसतो, आणि हा योगायोग नाही. 1990 सालच्या कायद्याने कॅपिटलपासून मैलभराच्या आत त्या घुमटाच्या खांबांच्या तळापेक्षा उंच बांधायला मनाई आहे. आभाळाचा तुकडा कायद्याने राखलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. आधीची इमारत 1904 च्या फेब्रुवारीत जळाली. आत्ताची 1906 ते 1917 या काळात उभी राहिली. घुमट पांढऱ्या ग्रॅनाइटचा, 284 फुटांहून थोडा उंच. त्याच्या शेंड्यावर डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेली सोनेरी मूर्ती आहे. वॉशिंग्टनच्या स्मारकात बसलेला लिंकन घडवणारे शिल्पकार ते हेच. मूर्तीचं नाव ‘विस्कॉन्सिन’. उजवा हात पुढे केलेला आणि शिरस्त्राणावर चक्क एक बॅजर. बॅजर हा बिळात राहणारा ठेंगणा, दणकट प्राणी. 1820-30 च्या सुमारास शिशाच्या खाणीत राबायला आलेले मजूर हिवाळ्यात डोंगराच्या कुशीत बिळं खणून राहायचे, त्यांना लोक बॅजर म्हणू लागले आणि तेच नाव राज्याला चिकटलं. बिळात राहणाऱ्या मजुरांची खूण सोनेरी मूर्तीच्या डोक्यावर मिरवणारं हे राज्य मला तिथेच आवडलं.

आत जायला तिकीट नाही. मधल्या गोल दालनात उभं राहून मान वर केली की एडविन ब्लॅशफील्डचं चित्र दिसतं आणि खालच्या चार कोपऱ्यांत केनियन कॉक्सच्या काचतुकड्यांच्या चार प्रतिमा. मोठी माणसं वर बघतात. लहानांनी मात्र खाली बघावं. जिन्याच्या आणि फरशीच्या दगडांत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे समुद्री जीव अडकलेले आहेत. नातीला पहिला जीवाश्म सापडला तेव्हा ती पायरीवर पालथीच पडली. बोटाच्या पेराएवढा, गोगलगाईसारखा वळसा, मधोमध कापल्यासारखा. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “आजी, हा दगडात गेला कसा?” पुढचा अर्धा तास आम्ही दोघी एकेक पायरी वाकून वाचत होतो. येणारेजाणारे आम्हाला वळसा घालून जात होते, कुणी हटकलं नाही. राज्यपालांच्या कचेरीबाहेर एका युद्धनौकेवरून आणलेला काशाचा बॅजर बसलाय. येणारं प्रत्येक मूल त्याचं नाक चोळतं, त्यामुळे नाक तेवढं लखलखीत झालंय. आपल्याकडे देवळातल्या कासवाची पाठ अशीच गुळगुळीत होते.

शनिवारी सकाळी कॅपिटलच्या चौकाभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो. 1972 पासून, एप्रिल ते नोव्हेंबर. नियम एकच आणि कडक: स्वतः पिकवलेलं, स्वतः बनवलेलं तेच विकायचं. मधला दलाल नाही, दुसऱ्याचा माल नाही. त्यामुळे भाव विचारण्याआधी पावसाची चौकशी करता येते, कारण समोरच्याच्या नखात माती असते. गर्दी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. देवळाला उजवी घालायची सवय असलेल्या पायांना पहिल्या दिवशी हे अवघड जातं. मी दोनदा गर्दीच्या तोंडावर गेले, मग मुकाट्याने वळले.

या बाजारात घ्यायची वस्तू म्हणजे चीज कर्ड. साच्यात दाबण्याआधीचे चीजचे ताजे गोळे, शेंगदाण्यापेक्षा मोठे, सुपारीपेक्षा थोडे लांबट. चावले की दातांखाली कुईं असा आवाज येतो, ओल्या फरशीवर रबरी चप्पल घासावी तसा. नातीने पहिला गोळा तोंडात टाकला आणि कान माझ्या गालाला लावला: “तू पण खा ना, मला तुझा आवाज ऐकायचाय.” यामागे साधं कारण आहे. दुधातल्या केसिन या प्रथिनाची जाळी कॅल्शियमने घट्ट धरलेली असते, आणि दात घासले की ती रबरासारखी वाजते. दिवस जातात तशी आम्लता वाढते, कॅल्शियम सुटतं, जाळी सैल पडते आणि आवाज जातो. म्हणून इथे ताजेपणा नाकाने नव्हे, कानाने पारखतात.

दुधाचा विषय निघाला की मला सांगली जिल्ह्यातलं आमचं घर आठवतं. वडील पहाटे कॅन घेऊन संकलन केंद्रावर जायचे. परत आले की आईचा पहिला प्रश्न, “फॅट किती लागली?” कमी लागली तर वडील दिवसभर गप्प. त्या एका आकड्यावर आमच्या घरचा महिना चालायचा. दुधाचा भाव फॅटवर ठरावा ही कल्पना व्यवहारात उतरली ती मॅडिसनच्या विद्यापीठात, हे कळलं तेव्हा मी साठी ओलांडली होती. 1890 साली स्टीफन बॅबकॉक यांनी दूध तपासायची रीत काढली. मोजून घेतलेल्या दुधात सल्फ्युरिक आम्ल घालायचं, बाकी सगळं त्यात विरघळतं, स्निग्धांश तेवढा उरतो. बाटली यंत्रात गरगर फिरवायची, की तो वर मानेत येतो, आणि मानेवरच्या खुणांवर आकडा वाचायचा. त्याआधी दूध नुसतं मापाने विकलं जाई. पाणी घालणारा आणि न घालणारा दोघांना एकच भाव. या बाटलीने प्रामाणिक शेतकऱ्याला न्याय मिळाला. आपल्याकडे रुळली ती गर्बर यांची त्याच सुमाराची स्विस पद्धत, पण आम्ल आणि फिरकी हे तत्त्व तेच.

आणि बॅबकॉकनी तिचं पेटंट घेतलं नाही. विद्यापीठाच्या पत्रिकेत सगळी कृती छापून जगाला देऊन टाकली. विद्यापीठातल्या त्यांच्या नावाच्या इमारतीत आजही दूधप्रक्रिया शिकवतात आणि आईस्क्रीम बनवतात. काचेआडून ते बनताना बघता येतं, खाली ते विकतही मिळतं. नातीला आईस्क्रीम हवं होतं, मला भिंतीपाशी जरा उभं राहायचं होतं. वडील असते तर त्यांना इथे नक्की आणलं असतं.

देऊन टाकण्याची दुसरी गोष्ट जास्त हळवी आहे. हेन्री व्हायलस प्राणिसंग्रहालयात जायला एक पैसा लागत नाही. अमेरिकेत, ध्रुवीय अस्वलं असलेल्या प्राणिसंग्रहालयात, फुकट! विल्यम व्हायलस हे सिनेटर होते. त्यांचा मुलगा हेन्री मधुमेहाच्या दुखण्यात तरुणपणीच गेला. 1904 साली त्यांनी आणि पत्नी ॲना यांनी त्याच्या नावाने उद्यानाला जमीन दिली आणि अट घातली की प्रवेशाला कधीही पैसे घ्यायचे नाहीत. तिथेच 1911 साली प्राणिसंग्रहालय सुरू झालं. जमीन दिली तेव्हा इन्सुलिनचा शोध लागायला अजून 17 वर्षं होती. आज ज्या घरात कुणालाच मधुमेह नाही असं मराठी घर शोधावं लागेल, त्यामुळे मला ही कथा फार जवळची वाटते. फाटकाशी एक आई तीन मुलांना घेऊन उभी होती, धाकटा पाठीवर. कुणाला कितीचं तिकीट याचा हिशेब तिला करावा लागला नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी घातलेल्या एका अटीचं हे फळ मी डोळ्यांनी पाहिलं.

बाकीची ठिकाणं भराभर सांगते. ओल्ब्रिक उद्यानात सोनेरी थाई मंडप आहे. थायलंड सरकार आणि विद्यापीठाचे थाई माजी विद्यार्थी यांची ही भेट. तिकडे बांधून, सुटा करून आणला आणि इथे पुन्हा जोडला. बाहेरची बाग फुकट, काचेच्या पिरॅमिडमधल्या उष्ण प्रदेशातल्या झाडांना थोडं तिकीट. मोनोना टेरेसचा पहिला आराखडा फ्रँक लॉइड राइट यांनी 1938 साली मांडला, इमारत उघडली 1997 साली, ते जाऊन 38 वर्षं झाल्यावर. तिच्या गच्चीवरून तळं छान दिसतं, वास्तू म्हणून मात्र मला ती थोडी थंड वाटली. भूविज्ञान संग्रहालयातला मॅस्टोडॉनचा सांगाडा मुलांना दाखवाच. आणि विद्यापीठातून हिंडताना सांगा की हरगोविंद खोराना 1960 ते 1970 इथे होते, 1968 चं नोबेल त्यांना इथल्याच कामासाठी मिळालं.

एका गोष्टीपाशी मात्र थांबायला हवं. विद्यापीठाच्या वेधशाळेच्या टेकडीवर गवताने झाकलेले मातीचे उंचवटे आहेत. नीट पाहिलं तर एक पंख पसरलेला पक्षी आहे, दुसरा दोन शेपट्यांचा जलदेव. हजारएक वर्षांपूर्वी इथल्या मूळ लोकांनी टोपल्यांनी माती वाहून ते रचले. हो-चंक लोक या जागेला ‘देजोप’ म्हणतात, म्हणजे चार तळी. 1832 च्या तहाने त्यांना ही जमीन सोडायला लावली. 2019 साली विद्यापीठाने बॅस्कम टेकडीवर तसा स्पष्ट फलक उभारला. म्हणजे जे गाव इतकं उदारपणे देतं, ते आधी घेतलेलं आहे. हे ठाऊक असूनही मला मॅडिसन आवडतं, पण ते ठाऊक नसताना आवडणं अपुरं झालं असतं. नातीला मी फक्त एवढं सांगितलं की या पक्ष्यावर पाय द्यायचा नाही. तिने चप्पल काढली आणि कडेने चालत गेली.

दिवसाचा शेवट मेंडोटाच्या काठी, मेमोरियल युनियनच्या गच्चीवर करावा. युनियन 1928 चं. काठाशी हिरव्या, पिवळ्या, केशरी रंगाच्या लोखंडी खुर्च्या मांडलेल्या. पाठ म्हणजे उगवता सूर्य: खाली अर्धगोल आणि त्यातून वर पसरलेले किरण. बसलं की किरण पाठीला थोडे रुततात आणि दिवसभराच्या उन्हाने कोमट झालेले असतात. कुणीही यावं, खुर्ची ओढावी, बसावं. काही विकत घ्यायची सक्ती नाही. शेजारी प्रबंधाचे कागद चाळणारी मुलगी, पलीकडे नातवंडांना सांभाळणारे आजोबा, पाण्यात शिडाच्या होड्या. जूनमध्ये सूर्य साडेआठनंतर मावळतो. तो पाण्याला टेकला की बोलणं आपोआप कमी होतं. हेच तळं हिवाळ्यात गोठतं, आणि 1850 च्या दशकापासून ते कधी गोठलं, कधी सुटलं याची नोंद ठेवलेली आहे. बर्फाचे दिवस कमी होत चालल्याचं ती नोंद सांगते.

तेव्हा डेल्सला जाताना मॅडिसनला शुक्रवारी मुक्काम करा. शनिवारी सकाळी लवकर चौकात जा, गर्दीबरोबर डावीकडे वळत फिरा, कर्ड घ्या आणि पिशवीत न ठेवता तिथेच कॅपिटलच्या पायऱ्यांवर बसून खा. दुपारपर्यंत आवाज असतो.