हिरड्यांच्या विकारांवरील चिकित्सा-संशोधन : मोजले काय, वगळले कोणाला?

प्रस्तुत लेखाचा विषय दंतवैद्यकाचा असला तरी लेखामागील भूमिका वाचकाची आहे. वाङ्मयाच्या अध्यापकाला संहिता वाचताना एक सवय जडते. संहितेत काय सांगितले आहे याच्या जोडीला कोण बोलते आहे, कोणाबद्दल बोलते आहे आणि कोणाला बोलूच दिलेले नाही, हेही तो पाहू लागतो. हिरड्यांच्या विकारांवरील उपचारांचे शोधनिबंध गेली काही वर्षे याच सवयीने वाचले असता जे दिसून आले, त्याची ही समीक्षा आहे. या निबंधांतील वैद्यकीय ज्ञानाला आव्हान देण्याचा येथे हेतू नाही. त्या ज्ञानाची मांडणी आणि त्यातून काढले जाणारे निष्कर्ष यांच्यातील अंतर तपासणे, एवढाच मर्यादित हेतू आहे.

आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दंतमूलगत रोग पंधरा सांगितले आहेत. त्यांतील ‘दंतवेष्ट’ या रोगात हिरड्यांतून पू व रक्त येते आणि दात हलू लागतात, असे वर्णन आहे. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘पायोरिया’ म्हटले जाते तो हाच प्रकार होय. आधुनिक वैद्यकाने त्यात एक महत्त्वाचा भेद केला. हिरडीची नुसती सूज ही पूर्णपणे भरून येणारी अवस्था आहे. परंतु दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू व हाड झिजू लागले की सहसा ती झीज आपोआप भरून येत नाही. पहिल्या अवस्थेचे कारण १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करावयास लावले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. प्रयोग लहान होता, पण प्रश्न नेमका होता आणि उत्तर त्या प्रश्नाचेच होते. पुढील साठ वर्षांत या शाखेत जे हजारो निबंध निघाले, त्यांपैकी किती जणांबद्दल असे म्हणता येईल, अशी शंका वाचताना वारंवार येते.

उदाहरणादाखल आपल्याच परिसराशी नाते सांगणारा एक निबंध घेऊ. हळद म्हटले की या भागातल्या माणसाला सांगलीची पेठ आठवते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जखमेवर हळद लावण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले, ही हकीकत मराठी वाचकाला पाठ आहे. त्यामुळे पुण्यातील भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयातून २०११ साली प्रसिद्ध झालेला, हळदीच्या गुळणीची क्लोरहेक्सिडीनच्या गुळणीशी तुलना करणारा निबंध मी आपुलकीने वाचावयास घेतला. २५ ते ३५ वयोगटातील १०० व्यक्ती, ०.१ टक्के हळद विरुद्ध ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन, कालावधी २१ दिवस. दातांवरील कीट रोखण्यात क्लोरहेक्सिडीन सरस ठरले. हिरड्यांच्या सुजेबाबत मात्र दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. हळद पूरक म्हणून वापरता येईल, असा सूर लेखकांनी लावला आहे आणि तो संयत आहे. खोट आहे ती अशा निबंधांच्या वाचनात. ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ हे वाक्य एका उद्धरणातून दुसऱ्यात जाताना ‘दोन्ही सारखेच परिणामकारक आहेत’ असे रूप घेते. ही दोन विधाने भिन्न आहेत. पहिल्यात फरक दिसला नाही इतकेच आहे. दुसऱ्यात फरक नाही हे सिद्ध झाले, असा दावा आहे. असा दावा करावयाचा तर किती फरक नगण्य मानावयाचा हे आधी ठरवून, पुरेशी संख्या घेऊन, वेगळ्या बेताचा प्रयोग करावा लागतो.

आता ज्याच्याशी तुलना झाली त्या क्लोरहेक्सिडीनची स्वतःची कथा पाहू. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय परीक्षण-संस्थेने २०१७ मध्ये ५१ प्रयोग व ५,३४५ व्यक्ती यांच्या आधारे या गुळणीचा आढावा घेतला. हिरडीची सूज शून्य ते तीन या मापावर मोजली जाते. सौम्य सूज असलेल्यांत चार ते सहा आठवड्यांनी ०.२१ इतकी घट दिसली. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती निर्विवाद होती. परंतु रुग्णाच्या दृष्टीने एवढ्या फरकाला अर्थ नाही, असे परीक्षकांनीच नोंदविले. जोडीला दातांवर डाग पडतात हेही सांगितले. म्हणजे सौम्य सुजेपुरते पाहावयाचे तर ज्या मापदंडाला गाठण्यासाठी हळद, त्रिफळा, कडुनिंब, कोरफड यांच्या गुळण्यांची व लेपांची शर्यत लावली जाते, तो मापदंडच फारसा उंच नाही. शिवाय अशा शर्यतीत बहुधा तिसरा गट नसतो. नुसते पाणी घेणारा, पण तपासणीला येणारा गट असता तर काय झाले असते? दर आठवड्याला कोणीतरी तोंड उघडून पाहणार आहे हे कळले की माणूस दात जास्त निगुतीने घासतो. दोन्ही गटांतली सुधारणा औषधाची की या निगुतीची, हे दोनच गट असलेल्या निबंधातून उलगडत नाही.

गंभीर अवस्थेतील उपचारांचे निबंध मोजमापाच्या बाबतीत अधिक काटेकोर असतात, आणि तरीही तेथे एक घोटाळा आढळतो. हिरडी व दात यांच्यामधील फटीची खोली बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. २८ दात असले तर एकाच तोंडात १६८ मोजमापे मिळतात. तीस रुग्णांत ती पाच हजारांवर जातात. काही निबंध या ठिकाणांनाच स्वतंत्र नमुने मानून गणित करतात आणि मग अगदी किरकोळ फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. वास्तविक एका माणसाच्या तोंडातील सर्व ठिकाणे एकच लाळ, एकच मधुमेह, एकच सवय वाटून घेत असतात. एका वर्गातील साठ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरून साठ महाविद्यालयांचा दर्जा ठरविण्यासारखेच हे आहे. खोली मोजताना एक मिलिमीटरची चूक नित्याची समजली जाते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या आढाव्यानुसार मुळापर्यंतच्या सफाईने मिळणारा सरासरी लाभ सुमारे अर्धा मिलिमीटर, आणि त्यावर औषधाची जोड दिल्याने मिळणारी भर ०.२ ते ०.६ मिलिमीटर. हे आकडे निरुपयोगी आहेत असे नव्हे. शेकडो रुग्णांच्या सरासरीत त्यांना अर्थ असतो. पण दवाखान्यात आलेला शेतकरी मिलिमीटर विचारत नाही. ‘दात राहतील का?’ असे तो विचारतो, आणि तीन किंवा सहा महिन्यांत आटोपणाऱ्या प्रयोगात या प्रश्नाला जागाच नसते.

माझ्या मते या संपूर्ण वाङ्मयातील सर्वांत बोलके स्थान म्हणजे ‘वगळण्याचे निकष’ हा परिच्छेद. बहुतेक निबंधांत तो दोन-तीन ओळींचा असतो, वाचक त्यावरून नजर फिरवून पुढे जातो आणि त्यात ‘तंबाखूचे सेवन करणारे’ हे शब्द जवळजवळ ठरलेले असतात. शास्त्रीय कारण उघड आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो. उपचारालाही अशा हिरड्या कमी प्रतिसाद देतात. परिणाम स्वच्छ दिसावा म्हणून नमुना स्वच्छ केला जातो. परंतु पन्हाळा, हातकणंगले, शिराळा या तालुक्यांत हा निकष लावला म्हणजे कोण बाहेर जाते? तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली मशेरी येथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या लावीत आल्या आहेत. तिला व्यसन म्हणण्याचा प्रघात नाही. ती ‘दात घासण्याची’ वस्तू आहे आणि घरातल्या लेकीबाळींच्या हाती ती याच नावाने जाते. एखाद्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर ‘नाही’ असे उत्तर येईल आणि ते तिच्या भाषेत खरेच असेल. म्हणजे प्रश्नावली मशेरीचे नाव घेत नसेल तर अशी स्त्री चुकून प्रयोगात येते, आणि घेत असेल तर ती नियमाने बाहेर जाते. दोन्ही प्रकारे तिच्या हिरड्यांविषयीचे ज्ञान मात्र वाढत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा ज्या निकषाने वगळला जातो, त्या निकषावर उभे राहिलेले उत्तर कोणासाठी आहे, हा प्रश्न दंतवैद्यांनी नव्हे तर निदान समीक्षकांनी तरी विचारला पाहिजे.

हे टाळता आले नसते असे म्हणावे, तर आपल्याच राज्यातील एक जुना दाखला आड येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत-संशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतील १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासून त्यांचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. तो अभ्यास मुखकर्करोग व त्याच्या पूर्वावस्थांचा होता. त्याच गटाने पुढे भावनगर, एर्नाकुलम व श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६ हजारांहून अधिक लोकांना सवय सोडण्यासाठी सातत्याने समजावले, दरवर्षी तपासले आणि पूर्वावस्थेतील चट्ट्यांचे प्रमाण घटते हे १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. तेथे तंबाखू वापरणारा माणूस हा अडथळा नव्हता. तोच अभ्यासाचा विषय होता. हिरड्यांच्या शाखेने या वाटेकडे आवश्यक तेवढे लक्ष दिलेले दिसत नाही. कर्करोग मारतो आणि पायोरिया मारत नाही, हे एक कारण असेल. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयोगटातील ८९.६ टक्के लोकांत हिरड्यांचा विकार नोंदला गेला. या आकड्यात नुसते किटण साठलेलेही येतात, तेव्हा तो जपूनच वापरावा. पण जो आजार जवळजवळ सर्वांनाच आहे तो कोणालाच आजार वाटत नाही, हेही खरे आहे.

दीर्घकालीन अभ्यास नाहीतच असे नाही, आणि त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध अभ्यास वाचताना मन अस्वस्थ होते. लो यांनीच १९७० साली श्रीलंकेतील चहामळ्यांवरील ४८० तमिळ कामगारांचे निरीक्षण सुरू केले. हे लोक दात घासत नसत, दंतवैद्य त्यांना ठाऊक नव्हता. पंधरा वर्षे त्यांच्या हिरड्या पाहिल्या गेल्या. १९८६ च्या निबंधानुसार सुमारे ८ टक्क्यांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. हे ज्ञान अमोल आहे. आजार प्रत्येकात सारख्या गतीने वाढत नाही हे आपण त्यावरूनच शिकलो. परंतु शीर्षकातील ‘नैसर्गिक इतिहास’ हा शब्दप्रयोग खटकतो. मळ्यावरची गरिबी ही निसर्गाची रचना नव्हती. याच्याशेजारी २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अमेरिकेतील ८२३ गर्भवतींचा प्रयोग ठेवून पाहावा. हिरड्यांच्या उपचाराने अकाली प्रसूती टळते का, हा त्यातील प्रश्न. एका गटाला उपचार प्रसूतीपूर्वी दिले, दुसऱ्याला प्रसूतीनंतर. पण दिले दोघांनाही. अकाली प्रसूतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. अपेक्षाभंग करणारे उत्तर मिळाले, ते तसेच छापले गेले आणि कोणी उपचाराविना राहिले नाही.

आपल्याकडे असे नकारात्मक उत्तर छापून येणे दुर्मीळ आहे. त्याचे एक कारण व्यवस्थेत आहे. एम.डी.एस.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यात प्रबंध अनिवार्य. विषय मंजूर होऊन रुग्ण मिळेपर्यंत वर्ष सरते आणि मग हाती उरतो तो तीन-सहा महिन्यांचा प्रयोग. विद्यार्थ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. एम.फिल.च्या प्रबंधिकांचे विषय आम्ही कसे निवडले, हे भाषा विभागातील मंडळींनी आठवून पाहावे! भारतीय चिकित्सा-प्रयोग नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून तेथे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच नोंद घेतली जाते. कोणती गोष्ट मोजणार हे आधी लिहून ठेवल्यामुळे नंतर सोयीचा आकडा शोधण्याला काहीसा पायबंद बसला आहे. संमतिपत्राच्या मराठीचा प्रश्न मात्र तसाच आहे. इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर झालेल्या संमतिपत्रात ‘यादृच्छिक पद्धतीने गटात समाविष्ट’ असे वाचून सही करणाऱ्या माणसाला, आपल्याला कोणते औषध मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरणार आहे, हे कळलेले असतेच असे नाही.

कोडोलीपासून काही किलोमीटरवर नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय व संशोधन केंद्र आहे. वारणा खोऱ्यातील रुग्ण तेथे सहज पोहोचू शकतो. अशा संस्थांनी आसपासच्या कला व विज्ञान महाविद्यालयांना हाताशी धरले तर वेगळ्या प्रकारचे प्रश्न घेता येतील. मशेरी लावणाऱ्या स्त्रियांचाच एक गट घ्यावा, निम्म्या गावांत किटण काढण्याच्या जोडीला मशेरी सोडण्यासाठी घरोघर बोलणी करावीत, निम्म्या गावांत आधी फक्त किटण काढावे आणि बोलणी वर्षभराने करावीत. मोजावे ते हलणारे व पडलेले दात, आणि मोजावे पाच वर्षांनी. प्रश्नावली समाजशास्त्राच्या व मराठीच्या विभागांनी येथल्या बोलीत करावी, गणित संख्याशास्त्राच्या विभागाने आधीच ठरवून द्यावे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या तीन वर्षांत हे मावणार नाही. त्यासाठी एकाने सुरू केलेली नोंदवही पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी लागेल आणि प्रबंधाच्या मुखपृष्ठावर कोणाचे नाव घालावयाचे, याचा नियम विद्यापीठाला बदलावा लागेल.