अभंगात नसलेला डोंगर

कुरवंड्याला उगम पावलेली इंद्रायणी लोणावळ्यावरून मावळात उतरते आणि पुढे देहूला जाते. वाटेत इंदोरीजवळ भंडारा डोंगर. तुकोबांचं मन कसं पालटलं असं विचारलं, की आपण सगळे त्या डोंगराकडे बोट दाखवतो. वर गेले, ध्यान लावलं, साक्षात्कार झाला. पण मंडळी, संतांनी विचारलं म्हणून, खरं तर सांगू नये असं म्हणत, त्यांनी स्वतःची हकिगत ज्या अभंगात सांगितली, त्यात भंडारा डोंगर नाहीच!

मग काय आहे? आई-वडील गेले. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ. पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. धंद्यात तूट, लोकांसमोर लाज. मग पडकं देऊळ नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन करू लागले, आणि इथे ते सरळ कबूल करतात, की सुरुवातीला अभ्यासात चित्तच नव्हतं. संतांची वचनं पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरलं, अंग कष्टवलं. म्हणजे आधी शरीर वळलं, मन मागून आलं. गुरूचा स्वप्नातला उपदेश येतो, पण बऱ्याच उशिरा, आणि दोन शब्दांत. कवित्व त्याच्याही नंतर.

संत ऑगस्टीनच्या आत्मकथनात 386 सालची मिलानमधली बाग आहे. तिथे एका क्षणात गाठ सुटते. अर्थात त्याआधी त्यानेही पानंच्या पानं घालमेल लिहिली आहे, पण वाचकाच्या लक्षात बागच राहते. तुकोबांनी तशी बाग ठेवलीच नाही. वह्या बुडवल्याचा प्रसंगसुद्धा बघा. कागद पाण्यात राखले गेले, हे ते इतरत्र सांगतात; इथे फक्त धरणं आणि देवानं केलेलं समाधान. मग उशीर होईल, आता पुरे, असं म्हणून थांबतात. आत्ता विचार असा दिसतो, पुढचं देव जाणे. मन बदललं त्याची पावती फाडून दिलेली नाही. आम्हाला या अभंगाचा खरेपणा तिथे जाणवतो.

एक गोष्ट मात्र खटकते. खऱ्या-खोट्याला आपलं मन साक्षी ठेवलं, बहुमत मानलं नाही, हे वाचताना आपण माना डोलावतो. पण त्याच्याच आधी स्नेह्यांचं ऐकलं नाही, प्रपंचाचा मुळापासून वीट आला, असंही आहे. तो प्रपंच कुणाचा होता? उपाशी मेलेल्या बायकोला निदान अर्धी ओळ मिळाली, नाव नाही. घर सांभाळणाऱ्या जिजाईला तीही नाही. तिला जागा दिली ती लोककथेनं. तिथे ती भाकरी घेऊन, विठोबाला शिव्या देत, तोच भंडारा चढते.