‘वाट सापडली नाही’ आणि ‘वाट नाही’

परीक्षणासाठी घेतलेला ग्रंथ आहे स्टीव्हन लाव्हॅल यांचा ‘प्लॅनिंग अल्गोरिदम्स’. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने तो 2006 साली प्रसिद्ध केला, आणि इंटरनेटवर तो मोफत वाचायलाही मिळतो. रोबॉटचा हात किंवा चाकांची गाडी कुठेही न धडकता इथून तिथे कशी न्यावी, याचं गणित त्यात आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसांचं तिथे काय काम, असं कुणी विचारेल. आमचं काम एका शब्दापुरतं आहे. तो शब्द म्हणजे ‘नाही’. यंत्र ‘वाट नाही’ म्हणतं, तेव्हा ते त्याला कशावरून कळलं?

आधी ग्रंथाचा पाया पाहू. सहा सांध्यांचा एक हात घ्या. प्रत्येक सांध्याचा कोन म्हणजे एक आकडा. सहा आकडे सांगितले की अख्खा हात कसा उभा आहे ते कळलं. म्हणजे हाताची प्रत्येक अवस्था हा सहा मितींच्या अवकाशातला एक बिंदू झाला. या अवकाशाला कॉन्फिगरेशन स्पेस म्हणतात. टेबल, भिंत, खांब यांचे तिथे निषिद्ध प्रदेश होतात, आणि उरलेल्या मोकळ्या प्रदेशातून तो बिंदू न्यायचा. गाडीचं थोडं वेगळं. तिची अवस्था तीन आकड्यांत मावते: जागेचे दोन आणि तोंड कुठे आहे त्याचा एक. चालकाच्या हाती मात्र दोनच गोष्टी, वेग आणि स्टिअरिंग. गाडी आडवी सरकत नाही, तरी पुढेमागे करत आपण ती दोन गाड्यांच्या मधे लावतोच. बंधन कुठे पोचता येईल यावर नाही, कसं पोचता येईल यावर आहे. हा भेद लाव्हॅल यांनी ग्रंथाच्या चौथ्या भागात फार नेटका उलगडला आहे.

आता वाट शोधायची कशी? एक पद्धत काटेकोर. ती सगळा प्रदेश तपासते आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं खात्रीचं उत्तर देते. पण हलणारे भाग वाढले की हा प्रश्न मुळातच अतिशय अवघड होतो, हे जॉन राइफ यांनी 1979 सालीच दाखवलं. म्हणून दुसरी पद्धत आली. यादृच्छिक बिंदू टाकायचे, मोकळे निघतील ते जोडत जायचे. 1998 साली लाव्हॅल यांनीच मांडलेला आर.आर.टी. हा अल्गोरिदम याच घराण्यातला. तो व्यवहारात उत्तम चालतो, हे मान्यच करायला हवं.

अडचण अरुंद जागेत येते. समजा, सहाही मितींत एक दशांश रुंदीची एकच फट आहे. यादृच्छिक टाकलेला बिंदू तिच्यात पडण्याची शक्यता किती? दहा लाखांत एक. बिंदू पडले नाहीत, म्हणून फट नाही, असं थोडंच ठरतं?

लाव्हॅल हे लपवत नाहीत. अशा पद्धतींना ते संभाव्यतेच्या अर्थाने ‘पूर्ण’ म्हणतात: वाट असेल, तर बिंदू वाढत जातील तशी ती सापडण्याची शक्यता एकाकडे जाते. आमचा आक्षेप या ‘पूर्ण’ शब्दाला आहे. वाट नसेल तर काय? अल्गोरिदम नुसता शोधत राहील. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याला कधीच मिळत नाही. अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या पद्धतीला पूर्णतेची पदवी, मग मागे कितीही विशेषण लावा, दिशाभूल करते.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर कसून वाद झालेला आहे. जमिनीवर घट नाही, हे कशाने कळतं? कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने. नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच. पण एका अटीवर दोघांचं जमतं. अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे काय, तर घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही, असंही या मार्गाने म्हणता येत नाही, कारण ते असतं तरी दिसलं नसतं. पाच सेकंद बिंदू टाकून थांबलेला अल्गोरिदम असाच अंधारात उभा असतो.

इंजिनिअर म्हणतील, हे आम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहेच. पण पडद्यावर उमटलेलं वाक्य हा ग्रंथ न वाचलेला माणूस वाचतो. समजा, कोसळलेल्या इमारतीत चाकांची गाडी पाठवली आहे, आणि पडद्यावर ‘वाट नाही’ असं आलं. लोक माघारी फिरतील. ‘एवढ्या वेळात सापडली नाही’ असं आलं असतं, तर त्यांनी आणखी वेळ दिला असता किंवा दुसऱ्या बाजूने पाहिलं असतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. यंत्राची उत्तरं तीन असावीत: वाट सापडली, वाट नाही हे सिद्ध झालं, अजून सापडलेली नाही. दुसऱ्या उत्तरासाठी वेगळं काम लागतं. सुरुवात आणि मुक्काम यांना पुरतं तोडणारी अखंड भिंत त्या अवकाशात दाखवावी लागते. ते काम झालेलं नसेल, तर तिसरंच उत्तर द्यावं. अल्गोरिदम शिकणाऱ्यांनी हा ग्रंथ जरूर वाचावा. फक्त पाचव्या प्रकरणात ‘पूर्ण’ हा शब्द आला की जरा थांबावं, आणि नाही म्हणण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे विचारून पुढे जावं.