घारापुरीच्या दोन टेकड्या : दावा आणि पुरावा

पनवेल-उरण मार्गावरील जासई हे गाव महाराष्ट्रास परिचित झाले ते जानेवारी १९८४ मधील शेतकरी आंदोलनामुळे. याच गावचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली पनवेल-उरणचा शेतकरी संपादित जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरला, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनास मान्य करावे लागले. जमिनीवरील हक्क नुसत्या आवेशाने टिकत नाही, त्यास सातबाऱ्याचा आधार लागतो, हे या भागातील माणसास निराळे शिकवावे लागत नाही. आरंभीच हे सांगण्याचे कारण असे की, जासई परिसरातील काही उपासकांसमवेत आम्ही घारापुरीची लेणी पाहिली तेव्हा इतिहासावरील हक्क कशाच्या आधारे सांगावा, हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

घारापुरी हे बेट उरण तालुक्यातच मोडते. बेटावर दोन टेकड्या आहेत. पश्चिमेकडील टेकडीत शैव लेणी असून त्यांतील मुख्य लेणे जगप्रसिद्ध आहे. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष व पाण्याची कोरीव टाकी आहेत. त्या टेकडीस ‘स्तूप टेकडी’ असेच नाव पडले आहे. १९८७ मध्ये घारापुरीचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. तथापि बेटावर उतरणारा बहुतेक प्रवासी पश्चिमेकडील पायऱ्या चढतो, मुख्य लेणे पाहतो आणि परततो. आम्हीही प्रथम त्याच पायऱ्या चढलो.

मुख्य लेणे सुमारे १३० फूट खोल आहे. अखंड कातळ पोखरून स्तंभांच्या रांगा सोडलेल्या आहेत. मध्यभागाच्या एका बाजूस चार दारांचा लिंगगाभारा असून प्रत्येक दाराशी दोन याप्रमाणे आठ भव्य द्वारपाल उभे आहेत. दक्षिण भिंतीत सुमारे वीस फूट उंचीचे त्रिमुखी शिल्प आहे. याखेरीज अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वतीविवाह, कैलास हलविणारा रावण, अंधकवध, नटराज आणि योगीश्वर असे मोठे शिल्पपट भिंतींवर आहेत. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यास, कलचुरी राजा कृष्णराज याच्या काळात हे काम झाले असावे, असे मत बहुसंख्य अभ्यासक मांडतात. या बेटावर त्याची नाणी सापडलेली आहेत. शिल्पकारांची योग्यता वादातीत आहे. त्रिमुखी शिल्पातील मधल्या मुखावरील स्थिरता पाहून आमच्यातील कोणीही प्रभावित झाल्यावाचून राहिले नाही, आणि ते मान्य करण्यात बौद्धांस कमीपणा वाटण्याचे कारण नाही. कलेचे श्रेय कलावंतास दिलेच पाहिजे.

उत्तरेकडील प्रवेशाच्या पूर्व बाजूस योगीश्वराचा शिल्पपट आहे. पद्मासनात बसलेली, डोळे मिटलेली ही मूर्ती कमळावर आरूढ असून कमळाचा देठ खालच्या बाजूस असलेल्या दोन आकृतींनी धरला आहे. मूर्तीचे दोन्ही हात तुटलेले आहेत. या मूर्तीसमोर येताच एक तरुण उपासक म्हणाला, “गुरुजी, हे तर उघड उघड बुद्धशिल्प आहे. हात तोडून याचा शंकर केला. हे सगळे लेणे मुळात आपलेच असणार.” इतरांनी माना डोलावल्या. आम्ही तेथेच थांबलो. हे उद्गार आपल्या सभांतून, पुस्तिकांतून आणि सहलींतून वारंवार कानी पडतात. त्यांची परीक्षा करणे हे या लेखाचे प्रयोजन होय.

प्रथम मूर्तीचाच विचार करू. कातळात उठावाचे शिल्प कोरताना दगड काढता येतो, तो नव्याने घालता येत नाही. योगीश्वराचा मुकुट, भोवतीचा देवगण, तसेच समोरच्या नटराजाचे अनेक हात हे सारे त्याच कातळातून, त्याच उठावात उमटले आहे. बुद्धमूर्तीवर मागाहून हात फिरवून एवढा परिवार निर्माण होऊ शकत नाही. आता लेण्याचा आराखडा पाहू. येथे भिक्खूंच्या निवासाच्या खोल्यांची रांग नाही, दगडी शय्या नाहीत, स्तूप असलेले चैत्यगृह नाही. उलट चारी दिशांना दारे असलेला लिंगगाभारा आणि त्याचे द्वारपाल हे लेण्याच्या मूळ योजनेचेच अंग आहे. आराखडा आणि शिल्पे यांची साक्ष एकच आहे : हे लेणे आरंभापासून शैव आहे. ते बौद्धांकडून बळकावलेले नाही.

असे असले तरी त्या तरुणास जे दिसले ते खोटे नव्हते. त्याची दृष्टी खरी होती, तिच्यावरून काढलेले अनुमान तेवढे चुकले. कमळाचा देठ नागांनी धरला आहे आणि त्या कमळावर बुद्ध विराजमान आहेत, अशी शिल्पे जवळच कान्हेरीच्या लेण्यांत पाहावयास मिळतात. कान्हेरी येथे मिळालेला त्रैकूटक काळातील ताम्रपट वर्ष २४५ चा, म्हणजे इ.स. ४९४ च्या सुमाराचा असून त्यात कृष्णगिरीच्या महाविहारात स्तूप उभारल्याची नोंद आहे. म्हणजे घारापुरीचे लेणे कोरले जाण्याच्या सुमारे अर्धशतक आधी या परिसरात बौद्ध विहार जिवंत होता. त्याची शिल्पपरंपरा शैव कारागिरांच्या नजरेसमोर होती, आणि ध्यानस्थ शिव घडविताना त्यांनी तिच्यातील बैठक, कमळ आणि मिटलेले डोळे उचलले, असे म्हणण्यास भक्कम आधार आहे. काही अभ्यासक योगीश्वराची ही मूर्ती पाशुपत पंथाचा आचार्य लकुलीश याच्याशी जोडतात. लकुलीशाच्या मूर्तींवरही बुद्धमूर्तीची छाप अनेकांनी दाखविली आहे. ‘हा बुद्धच आहे’ या विधानापेक्षा ‘बुद्धमूर्तीवाचून हा शिव असा घडला नसता’ हे विधान अधिक खरे आहे, आणि आमच्या मते धम्माच्या दृष्टीने अधिक गौरवाचेही आहे.

येथे टीकाकाराने आणखी एक पाऊल पुढे गेले पाहिजे. बैठक उचलली, पण तिचा आशय उचलला का? कान्हेरीचा ध्यानस्थ बुद्ध उठतो तो उपदेशासाठी. त्याच्या ध्यानाचा शेवट करुणेत होतो. घारापुरीचा ध्यानस्थ शिव हा त्याच देवाच्या अनेक रूपांपैकी एक आहे. काही पावलांवर तोच देव अंधकाला शूलावर चढवून त्याचे रक्त पात्रात झेलतो, पलीकडे त्याच्याच सामर्थ्याखाली रावण दबतो. शिल्पकाराने हे दोन्ही भाव सारख्याच ताकदीने घडविले आहेत, आणि तेथेच दोन विचारांतील अंतर स्पष्ट होते. एका परंपरेत शांती हे मनुष्याने प्रयत्नाने मिळवावयाचे साध्य आहे. दुसरीत ती सर्वसमर्थ देवाची एक मुद्रा आहे. हा भेद दाखविण्यासाठी मालकीचा खोटा दावा करण्याची आवश्यकता नाही. शिल्पांपुढे शांतपणे उभे राहणे पुरेसे आहे.

‘शैव लेणे कोरले गेले, तेव्हा या किनाऱ्यावरील धम्म संपला’ अशीही एक समजूत आहे. तीही तपासली पाहिजे. कान्हेरी येथे शिलाहार राजा दुसरा कपर्दी याच्या काळातील शके ७७५ व शके ७९९ चे दानलेख आहेत. म्हणजे घारापुरीनंतर तीनशे वर्षे उलटली तरी कान्हेरीच्या संघास वस्त्रांसाठी दाने मिळत होती. धम्माचा ऱ्हास झाला हे दुःखद सत्य आहे. पण तो कसा व केव्हा झाला, याचे उत्तर एका लेण्याकडे बोट दाखवून मिळत नाही.

आता खरा दावा कसा असतो याचे उदाहरण पाहू. जुन्नरजवळील लेण्याद्री येथे गिरिजात्मज गणपतीचे देवस्थान आहे. ते सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. त्या लेण्याच्या तीन भिंतींत भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आजही दिसतात आणि मागील भिंतीतील खोल्यांच्या जागी देवतेची स्थापना झालेली आहे. शेजारच्या सहाव्या लेण्यात स्तूपासह चैत्यगृह असून कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने ते दान दिल्याचा शिलालेख तेथे आहे. आराखडा, स्तूप आणि शिलालेख अशा तिहेरी पुराव्याने ते मूळचे बौद्ध विहार ठरते. तेथे आपण ठामपणे बोलावे. कोणीही निःपक्षपाती विद्वान आपणांस खोडून काढू शकणार नाही. परंतु लेण्याद्री आणि घारापुरी या दोहोंविषयी एकाच आवाजात, एकाच खात्रीने बोललो, तर ऐकणारा दोन्ही दावे एकाच टोपलीत टाकतो. खोटा दावा स्वतः बुडतो आणि सोबत खराही बुडवितो.

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेप्रसंगी पंढरपूरच्या विठ्ठलाविषयी आपले मत मांडले, ते सर्वश्रुत आहे. त्या मताचा उच्चार आपण वारंवार करतो. परंतु हे मत प्रबंध लिहून सिद्ध करण्याचा मनोदय त्यांनी त्याच वेळी बोलून दाखविला होता, त्याचा आपणांस विसर पडतो. मत मांडल्याबरोबर सिद्धतेची जबाबदारी येते, हे त्यांनी स्वतःवर बंधनकारक मानले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथातही, जेथे पुराव्याची साखळी तुटते तेथे आपण तर्काने दुवा जोडत आहोत, हे त्यांनी प्रस्तावनेतच उघडपणे सांगितले. तर्क करणे त्यांनी वर्ज्य मानले नाही, मात्र तर्कास पुरावा म्हणून खपविलेही नाही. भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेशही हाच आहे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा आपले गुरू सांगतात, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. ही कसोटी इतरांच्या पुराणकथांना लावावी आणि आपल्या पुस्तिकांना लावू नये, असा अपवाद त्या सुत्तात नाही.

ही कसोटी इतरांनाही लागू आहे, हे सांगणे ओघानेच आले. दक्षिण भिंतीतील त्रिमुखी शिल्पास लोक ‘त्रिमूर्ती’ म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश अशी त्याची ओळख करून देतात. त्या दिवशी एक वाटाड्याही आपल्या गटास तेच सांगत होता. वस्तुतः ती तिन्ही मुखे शिवाचीच आहेत, त्यांत एक उग्र, एक शांत व एक स्त्रीसदृश कोमल आहे. अभ्यासक त्या शिल्पास सदाशिव म्हणतात. ज्यांचे हे देवस्थान, त्यांचेही अज्ञान आपल्याइतकेच आहे. लेण्यातील शिलालेखाचा दगड पोर्तुगिजांनी काढून आपल्या राजाकडे धाडला आणि पुढे तो नाहीसा झाला. त्यामुळे हे काम कोणी करविले, दान कोणाचे, हात कोणाचे, हे लेणे स्वतः सांगू शकत नाही. रायगड जिल्ह्यातीलच कुडा येथील बौद्ध लेण्यांत मात्र माळ्याचे दान कोरलेले आहे आणि कान्हेरीत कल्याणच्या लोहाराचे. माळी आणि लोहार यांची नावे दोन हजार वर्षे दगडावर टिकून आहेत. आपल्या वारशाचे वैभव दाखवावयाचे तर ते असे दाखवावे.

दुपारी आम्ही पूर्वेच्या टेकडीकडे वळलो. पश्चिमेकडील गर्दीतले कोणीही आमच्या मागे आले नाही. विटांच्या स्तूपाचा उंचवटा आणि टाकी आम्ही तेथे पाहिली. शिल्प नाही, मुख नाही, कमळ नाही. आमच्या सोबतच्या उपासकांपैकी अनेकांचे आयुष्य या बेटासमोरील किनाऱ्यावर गेले होते. तरीही त्या स्तूपाचे दर्शन त्यांना त्या दिवशी प्रथमच होत होते. शैव लेण्यासमोर जो तरुण आवेशाने बोलला होता, तो येथे बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “गुरुजी, हे आपले आहे हे सिद्ध आहे ना?” आम्ही म्हटले, “होय, हे सिद्ध आहे.” त्याने वाकून नमस्कार केला. सर्वांनी त्रिशरण म्हटले व आम्ही खाली उतरलो.

या प्रसंगातून आम्ही जो बोध घेतला तो असा. जे आपले नाही त्यावर हक्क सांगण्यात आपली शक्ती खर्च होते, आणि जे निर्विवाद आपले आहे ते दृष्टीआड राहते. पश्चिमेच्या टेकडीवर कितीही वाद घातला तरी पूर्वेच्या टेकडीवरील एक वीटही त्यामुळे सुरक्षित होणार नाही. आपल्या शाखांनी व विहारांनी घारापुरीची सहल काढावी, दोन्ही टेकड्या दाखवाव्यात, एकीवर कलेचा निःपक्षपाती अभ्यास करावा आणि दुसरीवर वंदना करावी. मुलांना लेण्याचा आराखडा वाचावयास शिकवावे : खोली कोठे, स्तूप कोठे, गाभारा कोठे. पुरातत्त्व खात्याकडे स्तूपाच्या जतनाची, फलकाची व वाटेची मागणी लेखी करावी आणि तिच्यासोबत पुरावा जोडावा.

जासईच्या शेतकऱ्याने आपली जमीन कोणती हे आधी नीट जाणले, म्हणून तो शेवटपर्यंत लढू शकला. धम्मबांधवांनीही आपली भूमी कोणती, हे आधी नीट जाणून घ्यावे.