बेकारीचे मूळ मनात की मजुरीत?

बेकार माणसाला पुन्हा कामाला लावण्यात मानसशास्त्राचा उपयोग किती? हा प्रश्न निघाला की आम्हाला एका जुन्या पुस्तकाकडे वळावे लागते. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांचे ‘मारीएन्थालचे बेकार’ हे पुस्तक १९३३ साली जर्मन भाषेत निघाले. व्हिएन्नाजवळच्या या गावातील कापड गिरणी मंदीत बंद पडली आणि बहुतेक घरांची रोजी बुडाली.

संशोधकांनी नुसत्या मुलाखती घेतल्या नाहीत. रस्त्याने जाणाऱ्यांच्या चालीचा वेग त्यांनी घड्याळ लावून मोजला. पुरुष रेंगाळत, वाटेत थांबत. घरकाम न सुटलेल्या बायका भरभर जात. वाचनालयाची पुस्तके फुकट मिळू लागली, वेळही भरपूर होता, तरी १९२९ ते १९३१ या काळात वाचन जवळजवळ निम्म्यावर आले. रिकामा वेळ म्हणजे फुरसत नव्हे!

पुस्तकाचा गाभा मात्र एका छोट्या तक्त्यात आहे. कुटुंबांचे चार गट पाडले : उमेद टिकलेली, परिस्थितीला शरण गेलेली, निराश आणि सर्वस्वी खचलेली. त्यांचे दर प्रौढ माणशी मासिक उत्पन्न अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग होते. उत्पन्न घटते तशी उमेदही घटते. अर्थात गाव एकच, तुलनेसाठी दुसरे गाव नाही. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे या तक्त्याने सिद्ध होत नाही. ही पुस्तकाची मोठी उणीव आहे.

ती उणीव पुढच्या प्रयोगांनी काही अंशी भरून काढली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी बेकारांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला मुलाखतीचा सराव दिला आणि नकार पचवण्याची आधीच तयारी करून घेतली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाला अधिक चांगली कामे मिळाली. म्हणजे उपाय खरा आहे. पण फ्रान्समधील नोकरीसाहाय्याच्या एका प्रयोगाने २०१३ साली दाखवले की, मदत मिळालेल्यांचा लाभ बराचसा मदत न मिळालेल्यांच्या पदरचा होता. रांगेतील क्रम बदलला. रांग फारशी घटली नाही.

आता शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीकडे पाहू. या भागात शेतमजुराचे काम हंगामाबरोबर येते आणि जाते. मारीएन्थालच्या कामगारांना काही काळ बेकारभत्ता तरी मिळत होता. इथे तोही सहसा हाती पडत नाही, म्हणून खचून घरी बसण्याचीही सोय नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत जातात. अशा माणसाला ‘आत्मविश्वास वाढवा’ असे सांगणे म्हणजे गावात नसलेल्या कामाचा दोष त्याच्या स्वभावावर ढकलणे होय. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याची दिशा उलटी होती : मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी त्याने शासनावर टाकली.

म्हणून आमच्या मते समुपदेशन हवे, पण कामाच्या जोडीला, कामाऐवजी नव्हे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांकडून गावातील कामांचे बारा महिन्यांचे कॅलेंडर करून घ्यावे : कोणत्या महिन्यात कोणते काम, किती दिवस, किती मजुरी. कुणाच्या घराचे नाव लिहू नये. मोकळे राहिलेले महिने वर्गात सर्वांनी मिळून पाहावेत आणि मग विचारावे, हे आळसाचे महिने आहेत की कामच नसलेले?